मेडिस्टर: डेन्मार्कचं वेटोळ्याचं सॉसेज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डेन्मार्कमध्ये नव्यानं राहायला गेलेले, तिथे कुणाकडे जेवायला बोलावलेले आणि भारतात घरी करून पाहणारे अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोप्यापासून किचकटापर्यंत असा क्रम ठेवला आहे. एका उत्तरातलं दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेडिस्टर म्हणजे नेमकं काय?

डुकराच्या मांसाचं जाड, ताजं, कच्चं सॉसेज. खिम्यात चरबी, कांदा, मीठ, मिरी, ऑलस्पाइस (प्रश्न १३) आणि थोडी लवंग घालतात, बांधून यावं म्हणून मैदा किंवा बटाट्याचं स्टार्च आणि ओलाव्यासाठी दूध किंवा मांसाचं पाणी (मांस-हाडं उकळलेलं पाणी) घालतात. हे सारण डुकराच्या लहान आतड्यात भरलं जातं. जाडी साधारण साडेतीन सेंटिमीटर. पीळ देऊन त्याचे छोटे तुकडे पाडत नाहीत. लांबच लांब एकसंध ठेवून त्याचं वेटोळं करतात, आणि दुकानातही ते वेटोळंच वजनावर मिळतं. पूर्ण नाव मेडिस्टरपोल्से, पण घरात आणि खाटकाकडे सगळे नुसतं ‘मेडिस्टर’ म्हणतात. ते कच्चं असतं हे विसरू नका: पाकीट फोडून तसंच पावात घालून खायची वस्तू ही नव्हे.

२. कोपनहेगनच्या रस्त्यावर मिळतं ते लालभडक सॉसेज हेच का?

नाही. ते ‘रोड पोल्से’, म्हणजे लाल सॉसेज. त्याचं मांस अगदी गुळगुळीत वाटलेलं असतं, ते कारखान्यातच शिजवून येतं, बारीक आणि लांब असतं आणि बाहेरून लाल रंगवलेलं असतं. शिळी सॉसेजं ओळखू यावीत म्हणून पूर्वी ती लाल रंगवून स्वस्तात विकत आणि गरिबांना तीच आवडू लागली, अशी कथा सांगितली जाते. कथा म्हणूनच ती ऐकावी. हे सॉसेज हातगाडीवरचं खाणं आहे. कोपनहेगनमध्ये अशा गाड्यांना १९२१च्या जानेवारीत परवानगी मिळाली. सोबत पाव, मोहरीचा सॉस, केचप, रेमुलाड (लोणच्याचे बारीक तुकडे घातलेला मेयोनेजसारखा सॉस), कच्चा आणि तळलेला कांदा, काकडीच्या गोडसर लोणच्याच्या चकत्या.

मेडिस्टर उलट घरातलं. ताटलीत, काटा-चमच्यानं, बटाटे आणि रश्शाबरोबर खायचं. दोन्ही डॅनिश, दोन्ही डुकराची, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

३. डॅनिश लोक ते खातात कधी? फक्त नाताळात?

वर्षभर. आठवड्याच्या मधल्या वारी, कामावरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात होणारं रात्रीचं जेवण म्हणून ते आजही होतं. पण नाताळाशी त्याचं नातं जुनं आहे आणि त्यामागे शेतीचं वेळापत्रक आहे. नोव्हेंबरला डॅनिशमध्ये जुनं नावच ‘कत्तलीचा महिना’ असं आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी घरचं डुक्कर कापायचं, मांड्या आणि पोटाकडचं मांस खारवायचं किंवा धुरावर धरायचं, रक्ताचं सॉसेज करायचं, आणि उरलेल्या लहानसहान तुकड्यांचं व चरबीचं मेडिस्टर. फ्रीज नसलेल्या घरात ताजं सॉसेज लगेच संपवावं लागे, नाहीतर मिठात ठेवावं लागे. त्यामुळे ते साहजिकच सणाच्या दिवसांत आलं.

आज २४ डिसेंबरच्या रात्री बहुतेक घरांत बदक किंवा कुरकुरीत सालीचं भाजलेलं डुक्कर असतं. मेडिस्टरची खरी जागा ‘युलेफ्रोकोस्ट’मध्ये, म्हणजे डिसेंबरभर ऑफिसांत, मित्रमंडळींत आणि नातेवाइकांत होणाऱ्या लांबलचक नाताळ-जेवणांत. तिथे क्रम ठरलेला असतो. आधी लोणच्यातला हेरिंग मासा आणि स्नाप्स या कडक मद्याचे छोटे पेले, मग बाकी मासे, मग गरम पदार्थ. मेडिस्टर या तिसऱ्या फेरीत येतं, तांबडा कोबी किंवा केल नावाच्या कोबीच्या कुळातल्या पाल्याची भाजी घेऊन. पाहुणे म्हणून गेलात तर हेरिंगवरच पोट भरू नका.

४. सोबत काय वाढतात? नुसतं पावाबरोबर चालेल का?

चालेल, पण मग मेडिस्टर का हे कळणार नाही. सॉसेज चरबीचं आणि सौम्य असतं. त्याला आंबट-गोड काहीतरी लागतंच. रोजच्या जेवणातली ठरलेली मांडणी अशी: उकडलेले बटाटे, तपकिरी रस्सा, आणि व्हिनेगरमधलं बीट किंवा शिजवलेला आंबट-गोड तांबडा कोबी. ताटलीच्या कडेला तिखट मोहरीचा सॉस. याऐवजी दुसरी मांडणी म्हणजे दुधाच्या पांढऱ्या सॉसमधला कोबी किंवा केल (प्रश्न १२). पांढरा सॉस असेल तेव्हा तपकिरी रस्सा सहसा करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उरलेलं मेडिस्टर थंडच तिरक्या जाड चकत्या करून राय (rye) या धान्याच्या काळ्या पावावर, वर बीट किंवा मोहरीचा सॉस. आमच्या मते हे गरम जेवणाइतकंच चांगलं, आणि डब्याला सोयीचं.

५. घरी करायचं तर प्रमाण काय?

साधारण दीड किलो सारण होतं, सात-आठ माणसांना पुरतं.

- डुकराच्या खांद्याचं मांस ६५० ग्रॅम आणि पोटाकडचं चरबीचं मांस ३५० ग्रॅम
- किसलेला कांदा १०० ग्रॅम
- मीठ २२ ग्रॅम (वजन करूनच घ्या, चमच्यानं नको)
- मिरीपूड १ छोटा चमचा
- ऑलस्पाइसची पूड १ छोटा चमचा
- लवंगेची पूड पाव छोटा चमचा
- मैदा ४० ग्रॅम
- थंडगार दूध किंवा चरबी काढलेलं मांसाचं पाणी ३०० मिली
- खारवलेलं डुकराचं आतडं सुमारे ३ मीटर (सगळं लागणार नाही, पण एखादं फाटतंच)

एकूण चरबी मांसाच्या २० टक्क्यांच्या आसपास यायला हवी. १२–१५ टक्क्यांवर आणलीत तर सॉसेज भुसभुशीत आणि कोरडं होतं, मग कितीही रस्सा ओता. लवंग वाढवण्याचा मोह टाळा. पाव चमच्याचा अर्धा केला की सगळ्याला दातांच्या दवाखान्याचा वास येतो.

६. कृती सविस्तर सांगाल का?

आतडं आधी थंड पाण्यात धुवून मीठ काढा आणि कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा. मग एक टोक नळाला लावून आतून पाणी सोडा. भोक असेल तर इथेच दिसतं.

मांस आणि चरबीचे तुकडे फ्रीजरमध्ये कडा कडक होईपर्यंत ठेवा, ४–५ मिलिमीटरच्या जाळीतून दोनदा काढा. आता फक्त मीठ घालून दोन-तीन मिनिटं जोरात मळा. खिमा हाताला चिकटायला लागला पाहिजे. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि पुढे तीच पाणी आणि चरबी धरून ठेवतात. ही पायरी गाळून सगळं एकदम कालवलं की शिजवताना पाणी वेगळं पडतं. त्यानंतर कांदा, मसाले, मैदा घाला. दूध शेवटी, चार-पाच भागांत, प्रत्येक भाग मुरल्यावर पुढचा. सारण चमच्यावरून हळूहळू पडेल इतपत सैल, मेदुवड्याच्या पिठासारखं, व्हायला हवं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

आता एक छोटी टिक्की तळून मीठ-मसाला पाहा. कच्चं सारण चाखू नका. भारतात डुकराच्या कच्च्या मांसातून फीतकृमीचा धोका खरा आहे, आणि साल्मोनेलाचा धोका कुठेही असतो.

भरताना आतडं नळीवर पूर्ण चढवा, आधी थोडं सारण नळीच्या तोंडाशी आणून हवा काढा, मग टोकाला गाठ मारा. घट्ट भरू नका. दोन बोटांनी दाबलं की सहज दबलं पाहिजे, कारण शिजताना सारण फुगतं आणि आतडं आकसतं. हवेचे बुडबुडे दिसले तर तिथे बारीक सुईनं एकच टोचा. सगळं एका लांब सॉसेजमध्ये भरून वेटोळं करा आणि शिजवण्याआधी दोन तास तरी, जमलं तर रातभर, फ्रीजमध्ये उघडं ठेवा. साल कोरडी झाली की तांबूस रंग चांगला धरते.

७. आधी उकडायचं की थेट तव्यावर?

दोन्ही पद्धती डॅनिश घरांत चालतात. आमचा कल आधी पाण्यात शिजवण्याकडे आहे, कारण फाटण्याची भीती निम्मी होते आणि ते पाणी रश्शाला मिळतं.

पाण्याची पद्धत: रुंद पातेल्यात सॉसेज बुडेल इतकं पाणी, थोडं मीठ, एक तमालपत्र, चार-पाच मिरीदाणे. पाणी ७५–८० अंश सेल्सिअसवर ठेवा, म्हणजे वाफ दिसते, तळाशी बुडबुडे धरतात, पण खदखदत नाही. त्यात २० ते २५ मिनिटं. मग काढून कोरडं पुसा आणि लोण्यात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस करा, बाजूला चार-पाच मिनिटं.

थेट तव्यावर: जाड बुडाचा तवा, लोणी आणि थोडं तेल, मध्यमपेक्षा कमी आच, प्रत्येक बाजू १० ते १२ मिनिटं. शेवटची काही मिनिटं झाकण.

ओव्हनमध्ये: २०० अंशांवर ३०–३५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मोठ्या पंगतीला हेच सोयीचं.

कोणत्याही पद्धतीत मध्यभागाचं तापमान ७५ अंश झालं पाहिजे. सुईचा थर्मामीटर टोकाकडून लांबीच्या दिशेनं आत घाला, वरून टोचलंत तर रस वाहून जातो.

८. वेटोळं उलटताना तुटतं. काय करावं?

दोन लांब काड्या वेटोळ्यातून आडव्या-उभ्या आरपार घाला, ते चकलीसारखं एकसंध राहतं. काड्या नसतील तर तव्यावर ताट उपडं ठेवून थालीपीठ उलटतात तसं उलटा आणि परत तव्यात सरकवा. किंवा सरळ १२–१५ सेंटिमीटरचे तुकडे करा, पण पाण्यात शिजवल्यानंतर. कच्चं कापलं तर टोकांतून सारण बाहेर येतं.

९. साल फाटते किंवा चामड्यासारखी होते. का?

फाटण्याची कारणं क्रमानं: आच मोठी, भरणं घट्ट, आत हवा, फ्रीजमधून काढून थेट गरम तव्यावर. तव्यावर टाकण्याआधी २० मिनिटं बाहेर ठेवा. खदखदत्या पाण्यात तर फाटणं ठरलेलंच. सगळीकडे काट्यानं टोचे मारायची सवय अनेक डॅनिश घरांतही आहे. त्यानं फुटणं कमी होतं हे खरं, पण रस आणि चरबी तव्यात उतरते आणि आत कोरडं राहतं. आम्ही टोचत नाही.

चामडं होण्यामागे सहसा आतडं कमी भिजवलेलं असतं, किंवा सॉसेज तयार झाल्यावर झाकून खूप वेळ गरम ठेवलेलं असतं.

१०. आत दाणेदार, कोरडं झालं आणि तव्यात पाण्याचं तळं साचलं. चूक कुठे?

बहुतेकदा सारण गरम झालं होतं. खिमा काढताना आणि मळताना ते १२ अंशांच्या वर गेलं की चरबी मऊ पडून पसरते आणि मग प्रथिनांत बांधली जात नाही. शिजल्यावर ती आणि पाणी दोन्ही बाहेर. उन्हाळ्यात मुंबईत किंवा कोकणात करत असाल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून मळा, यंत्राची जाळी आणि पातंसुद्धा फ्रीजरमध्ये घाला. दुसरं कारण मीठ आधी न मळणं (प्रश्न ६). तिसरं म्हणजे कांदा. किसलेल्या कांद्याला खूप पाणी सुटत असेल तर तेवढं दूध कमी करा, आणि कांदा घातलेलं कच्चं सारण दोन दिवस ठेवू नका, आंबूस वास येतो.

११. तपकिरी रस्सा कसा करतात?

तव्यात उरलेल्या चरबीतली दोन मोठे चमचे ठेवा, त्यात तीन मोठे चमचे मैदा मध्यम आचेवर बदामी होईपर्यंत परता. मग सॉसेज शिजवलेलं गरम पाणी ५०० मिली, थोडं थोडं, फेटत. दहा मिनिटं उकळू द्या, नाहीतर कच्च्या मैद्याची चव राहते. मीठ आणि मिरी शेवटी, कारण पाणी आधीच खारट असतं. गडद रंगासाठी डेन्मार्कमध्ये ‘कुलोर’ नावाचं जळक्या साखरेचं काळं पाणी बाटलीत मिळतं, त्याचे काही थेंब. घरी: दोन चमचे साखर कढईत जवळजवळ काळी होईपर्यंत जाळून, चेहरा लांब ठेवून त्यात पाव वाटी गरम पाणी. हवी तर थोडी साय.

१२. केलची भाजी आणि लोणच्याचं बीट भारतात कसं जमवायचं?

केलच्या या भाजीला ‘ग्रोनलांगकोल’ म्हणतात आणि ती डेन्मार्कच्या फ्यून बेटावर आणि युटलंड भागात नाताळात आवर्जून होते. ५०० ग्रॅम केलचे देठ काढून पानं मिठाच्या पाण्यात १५–२० मिनिटं उकडा, घट्ट पिळा, बारीक चिरा. ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा, ५०० मिली दूध यांचा पांढरा सॉस करून त्यात भाजी, मीठ, मिरी, जायफळ आणि एक चमचा साखर. पुण्या-मुंबईत केल मिळतो. न मिळाल्यास नवलकोलाची कोवळी पानं घ्या, ती एकाच कुळातली आहेत आणि उकडल्यावर तशीच लागतात. पालक नको, गिळगिळीत होतो. याच सॉसमध्ये साधा कोबी घातलात तरी अस्सल डॅनिशच राहतो.

बीट: १ किलो सालीसकट उकडून, सोलून, चकत्या करून काचेच्या बरणीत. ५०० मिली व्हिनेगर (४–५ टक्क्यांचं, साधं), २५० ग्रॅम साखर, १ चमचा मीठ, मिरीदाणे आणि दोन लवंगा उकळून वरून ओता. किमान एक दिवस मुरू द्या.

१३. ऑलस्पाइस म्हणजे गरम मसाल्याचं मिश्रण का? कबाबचिनी चालेल?

मिश्रण नाही. ते एकाच झाडाचं वाळवलेलं, मिरीपेक्षा मोठं, तपकिरी फळ आहे. आपल्याकडे काही दुकानदार कबाबचिनी या नावाखाली ते देतात, तर काही शेपटी असलेली खरी कबाबचिनी देतात. शेपटी दिसली तर परत करा, तिची चव कडवट आणि कापरासारखी असते. कोकणातल्या रोपवाटिकांत ऑलस्पाइसची रोपं मिळतात आणि पानं पुलावात घालतात, पण मेडिस्टरला फळच हवं. अगदीच न मिळाल्यास दालचिनी दोन भाग, लवंग एक, जायफळ एक. चव जवळपास जाईल, तीच येणार नाही.

१४. गोव्याच्या चोरिसासारखं ते टांगून टिकवता येईल का?

अजिबात नाही. चोरीस टिकतं ते व्हिनेगर, भरपूर मीठ आणि वाळवण्या-धुरामुळे. मेडिस्टरमध्ये आंबटपणा नाही, मीठ दीड टक्का, आणि दूध-कांदा-मैद्यामुळे ओलावा भरपूर. बाहेर टांगलं तर ते नासतं, आणि वास येण्याआधीच धोकादायक होतं. कच्चं फ्रीजमध्ये ५ अंशांच्या आत दोन दिवस, शिजवलेलं तीन दिवस. डेन्मार्कमध्ये धुरी दिलेलं मेडिस्टरही मिळतं, पण तेही फ्रीजमध्येच ठेवायचं असतं.

१५. आतून करडं दिसलं. कच्चं राहिलं का?

नाही, करडाच रंग बरोबर. लाल सॉसेज किंवा हॅम गुलाबी दिसतं ते नायट्राइट मिठामुळे (मांस टिकवण्यासाठी घालतात ते), आणि पारंपरिक मेडिस्टरमध्ये ते नसतं. त्यामुळे इथे उलट वाचा: मध्यभागी गुलाबी आणि मऊ चिकट असेल तर शिजायचं बाकी आहे. पाकिटावर नायट्राइट लिहिलेलं असेल तर मात्र रंगावर विसंबू नका, थर्मामीटर घ्या (प्रश्न ७).

१६. गोठवता येतं का? आणि गोठलेलं थेट शिजवलं तर?

कच्चं गोठवण्यापेक्षा पाण्यात शिजवून, पूर्ण गार करून गोठवलेलं चांगलं राहतं. कच्चं गोठवलं की वितळताना पाणी सुटतं. तीन महिन्यांच्या आत वापरा, नंतर चरबीला खवट वास येतो. शिजवलेलं गोठलेलं असेल तर रातभर फ्रीजमध्ये सोडवून तव्यावर मंद परता. कच्चं गोठलेलं थेट तव्यावर नको: बाहेर करपतं, आत बर्फ. अगदी घाई असेल तर ७५–८० अंशांच्या पाण्यात वेळ दीडपट करा आणि तापमान पाहा.

१७. आतडं मिळत नाही. मग?

त्याच सारणाच्या चपट्या टिक्क्या करा. डेन्मार्कमध्ये आतड्याशिवायचं मेडिस्टरचं सारणही विकलं जातं, आणि नॉर्वेत तर नाताळच्या रात्री भाजलेल्या बरगड्यांसोबत मेडिस्टरच्या टिक्क्या ठरलेल्याच असतात. टिक्कीसाठी दूध ३०० ऐवजी २०० मिली घ्या, चमचा पाण्यात बुडवून आकार द्या, लोण्यात प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटं. कोलॅजनचं कृत्रिम आवरण वापरणार असाल तर ते भिजवायचं की नाही हे पाकिटावर वाचा. अनेक प्रकार भिजवल्यास फाटतात, आणि वेटोळं करण्याइतके ते लवचीकही नसतात.

१८. मी डुक्कर किंवा गोमांस खात नाही. डेन्मार्कमध्ये पाकिटावर काय पाहू?

‘स्वीन’ किंवा ‘ग्रीस’ म्हणजे डुक्कर, ‘ओक्से’ म्हणजे गोमांस, ‘क्युलिंग’ म्हणजे कोंबडी. साध्या मेडिस्टरमध्ये सहसा फक्त डुक्कर असतं, पण मिश्र आणि गोमांसाचे प्रकारही असतात. खरी फसगत कोंबडीच्या मेडिस्टरमध्ये होते: आतलं मांस कोंबडीचं, पण बाहेरचं आतडं डुकराचं असू शकतं. घटकांच्या यादीच्या शेवटी ‘टार्म’ हा शब्द शोधा, त्याच्या आधी ‘स्वीने’ असेल तर ते डुकराचं आतडं. यादीत कोंबडीबरोबर डुकराची चरबीही कधीकधी असते. साल सोलून खाणं हा उपाय नव्हे, चरबी आत मुरलेली असते.

१९. ग्लुटेन किंवा दूध चालत नसेल तर?

घरी सोपं आहे: मैद्याऐवजी बटाट्याचं स्टार्च २५ ग्रॅम, दुधाऐवजी मांसाचं पाणी. स्टार्च जास्त झालं तर सॉसेज रबरासारखं होतं, म्हणून मैद्याएवढं घेऊ नका. परतायला लोण्याऐवजी तेल किंवा डुकराची चरबी. दुकानातल्यात गव्हाचं पीठ आणि दूध दोन्ही असू शकतात. ॲलर्जी होऊ शकणारे घटक पाकिटावर ठळक छापलेले असतात. कुणाकडे जेवायला गेलात तर सॉसेजइतकीच रश्शाचीही चौकशी करा, कारण मैदा तिथे जास्त असतो.